दोन लाइन, एक ऑफिस: कोणाला कुठल्या इंटरनेटने पाठवायचं?

शरणपूररोड (धागाकर्ती):
नमस्कार. आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ, दोन मजले मिळून पस्तीसेक कॉम्प्युटर. माझं शिक्षण कॉमर्सचं, पण 'नेट का चालत नाही' हे विचारायला सगळे माझ्याच टेबलाशी येतात, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलंय.

लाइन दोन आहेत. एक लीज लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली), २० एमबीपीएस, स्टॅटिक आयपीसकट, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता कायम तोच. महाग आहे पण भरवशाची. दुसरी साधी फायबर ब्रॉडबँड, २०० एमबीपीएस, स्वस्त, तिचा आयपी बदलत राहतो. सध्या सगळं ऑफिस लीज लाइनवर आहे, आणि ती गेली की आमचे शिपाईमामा रॅकपाशी जाऊन वायर उपसून दुसऱ्या डब्याला लावतात. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवशी हा कार्यक्रम झाला की काय होतं ते कर सल्लागारांकडे काम केलेल्यांना सांगायला नको.

हवंय ते असं: अकाउंट्सची माणसं (जीएसटी, टीडीएस, बँका) लीज लाइनने जावीत. आर्टिकलची मुलं (सीएचे शिकाऊ उमेदवार), रिसेप्शन आणि पाहुण्यांचं वायफाय ब्रॉडबँडने. एक लाइन गेली तर सगळे आपोआप दुसरीवर. शिवाय सिन्नरची शाखा आमच्या टॅलीच्या सर्व्हरला स्टॅटिक आयपीवरून रिमोट डेस्कटॉपने (दूरून सर्व्हरचा स्क्रीन वापरून) जोडते, तेही चालू राहायला हवं. साहेब मोठ्या फायरवॉलचे पैसे देणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

मखमलाबाद_नाका:
सगळ्यात आधी साहेबांना सांगा की २० आणि २०० मिळून २२० होत नाही. एक फाइल एका कनेक्शनने उतरते आणि ते कनेक्शन एकाच लाइनने जातं. स्पीडटेस्ट एका वेळी अनेक कनेक्शन उघडते, त्यामुळे लोड बॅलन्सिंग (कनेक्शन दोन्ही लाइनींवर वाटणं) लावलेल्या ठिकाणी ती कधीकधी दोन्हींची बेरीज दाखवते, आणि मग गैरसमज आणखी पक्का होतो. आमच्याकडे एका मालकांनी त्या आकड्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली होती.

आता प्रश्न: सध्या राउटर कोणता? स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, आहे का? दोन्ही डब्यांचे आतले पत्ते काय आहेत?

शरणपूररोड:
लीज लाइन आमच्या साध्या वायफाय राउटरमध्ये येते. ब्रॉडबँडवाल्यांचा डबा वेगळा. दोन्हींच्या पानावर १९२.१६८.१.१ दिसतं. वरच्या मजल्यावर मॅनेज्ड स्विच आहे, कोणी कधी उघडून बघितलेला नाही. खाली साधा स्विच.

अंबडकर:
दोन वॅनचा (बाहेरच्या दोन लाइनी घेणारा) एक राउटर आणा, लोड बॅलन्स चालू करा, विषय संपला. एवढी चर्चा कशाला?

तारमिस्त्री:
अंबडकर, विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. ताई, थोडं मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

राउटर एरवी फक्त एवढंच बघतो की पाकीट (डेटाचा तुकडा) कुठे जायचंय. तुम्हाला हवंय ते उलटं: पाकीट कोणाकडून आलंय ते बघून लाइन ठरवायची. याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. एसटी स्टँडवर गाडी लागते ती कुठे जायची यावरून, प्रवासी कुठल्या गल्लीतून आला यावरून नाही. इथे गल्ली विचारणारा कंडक्टर नेमायचाय. त्यासाठी राउटरमध्ये एकाऐवजी दोन राउटिंग टेबलं (रस्त्यांच्या याद्या) लागतात. एकात 'बाहेर जायचा रस्ता लीज लाइन', दुसऱ्यात 'बाहेर जायचा रस्ता ब्रॉडबँड'. मग नियम: १९२.१६८.१०.० च्या गटातून आलेलं पहिल्या टेबलात बघा, १९२.१६८.२०.० च्या गटातलं दुसऱ्यात. लिनक्सवर हे काम रूल आणि रूट अशा दोन-दोन ओळींत होतं. मायक्रोटिकच्या राउटरवर, पीएफसेन्स या सॉफ्टवेअरवर, टीपी-लिंकच्या दोन वॅनच्या डब्यावर नावं वेगळी असली तरी आत हेच चालतं.

पण नियम लिहिण्याआधी दोन डब्यांचे पत्ते वेगळे करा. दोघेही १९२.१६८.१.१ म्हणाले तर नव्या राउटरला दोन्ही दारं एकाच गल्लीत उघडल्यासारखी दिसतील आणि तो गोंधळेल. ब्रॉडबँडचा डबा १९२.१६८.२.१ करा, दोन मिनिटांचं काम आहे. लीज लाइनला मधला वायफाय राउटर ठेवूच नका, स्टॅटिक आयपी थेट नव्या राउटरच्या वॅनवर बांधा.

नंतरचे तीन खड्डे, यात बहुतेक लोक पडतात.

नॅट, म्हणजे आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणं, दोन्ही दारांवर लावायला लागतं. फक्त एकावर असेल तर दुसऱ्या लाइनने पाकीट जाईल, पण पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८ वाला राहील. तो पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही, उत्तर येणारच नाही. बघणाऱ्याला वाटतं लाइन खराब आहे.

आतल्या आतली वाहतूक नियमातून वगळा. 'आर्टिकलच्या मुलांचं सगळं ब्रॉडबँडने' असं लिहिलंत तर 'सगळं' यात तुमचा प्रिंटर आणि टॅलीचा सर्व्हरही येतो. मुलाने प्रिंट दिली की पाकीट ब्रॉडबँडच्या डब्याकडे धावेल आणि तिथेच मरेल. म्हणून सगळ्यात वरचा नियम: १९२.१६८.०.०/१६ कडे (१९२.१६८ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्त्याकडे) जाणारं असेल तर नेहमीच्याच टेबलात बघा. एक फक्त लक्षात ठेवा, तुमच्या डब्यांचे पत्तेही याच पट्ट्यात येतात. त्याने काही बिघडत नाही, पण काही दिसेनासं झालं तर शोधायला इथून सुरुवात करा.

तिसरं, बाहेरून ज्या दाराने आलं त्याच दाराने उत्तर जायला हवं. सिन्नरचं कनेक्शन लीज लाइनच्या आयपीवर येतं. सर्व्हर जर ब्रॉडबँडच्या गटात असेल तर त्याचं उत्तर ब्रॉडबँडने निघेल, वेगळ्याच आयपीवरून, आणि सिन्नरचा कॉम्प्युटर ते फेकून देईल. सर्व्हर लीज लाइनच्या गटातच ठेवा. शिवाय लीज लाइनने आत आलेल्या कनेक्शनवर खूण करून त्याचं उत्तर तिकडूनच जाईल असं बांधा.

आता माणसं कशी ओळखायची? सोपा मार्ग म्हणजे डीएचसीपीमध्ये (राउटर आयपी वाटतो ती सोय) प्रत्येकाच्या मॅकवर (नेटवर्क कार्डाच्या नंबरावर) आयपी राखून ठेवायचा. पस्तीस कॉम्प्युटरला परवडतं. पण एखाद्या हुशार मुलाने स्वतःच आयपी बदलला की तो अकाउंट्समध्ये जाऊन बसला. मोबाइलचं तर विचारूच नका, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतो. म्हणून व्हीलॅन करा, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं. मॅनेज्ड स्विच वर आहेच, खालचा साधा बदलून आठ पोर्टचा स्वस्तातला मॅनेज्ड घ्या. अकाउंट्सचे पोर्ट व्हीलॅन १०, बाकीचे २०, पाहुणे ३०. मग माणूस आयपी काहीही टाको, तो पोर्टाला बांधलेला राहतो.

शरणपूररोड:
तारमिस्त्रीदादा, एवढं सविस्तर कोणी समजावलं नव्हतं. दोनदा वाचलं. एक विचारते, अंबडकर म्हणतात तसं लोड बॅलन्स केलं तर माणसं वेगळी करायची गरजच राहत नाही ना?

ओझरकर:
त्याचं मी सांगतो. आमचं द्राक्ष निर्यातीचं ऑफिस आहे, सीझनला जानेवारी ते एप्रिल रात्री अकरापर्यंत दिवे चालू. कंटेनरची कागदपत्रं, फायटोचं (माल रोगमुक्त असल्याचं) सर्टिफिकेट, अपेडाचं (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं) पोर्टल, बँकेचं काम, सगळं ऑनलाइन. आम्ही टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतला आणि त्यात बॅलन्सिंग चालू होतं. पोरगं बँकेच्या साइटवर लॉगिन करतं, पहिलं पान एका लाइनने, पुढचं दुसरीने. बँकेला दिसतं की हाच माणूस क्षणात वेगळ्या आयपीवरून आला, ती सेशन तोडते. सगळ्या बँका तोडत नाहीत, पण ज्या तोडतात त्या नेमक्या आपल्याच असतात.

त्याच डब्यात पॉलिसी राउटिंगचं पान आहे. आयपींचा गट करायचा, गटाला वॅन नेमून द्यायची. मोड दोन आहेत, 'ओन्ली' आणि 'प्रायॉरिटी'. ओन्ली दिलं तर ती लाइन मेली की गटही मेला. प्रायॉरिटी दिलं तर तो दुसरीवर जातो. ताई, तुम्हाला प्रायॉरिटी हवंय. नवीन आवृत्तीच्या डब्याला यूएसबीचं फोर-जी डोंगलही लागतं, सीझनमध्ये आम्ही ते तिसरी लाइन म्हणून ठेवतो.

मखमलाबाद_नाका:
बॅलन्सिंग करायचंच तर पाठवणारा आणि पोचायचं ठिकाण या दोघांच्या जोडीवरून लाइन ठरवायची, म्हणजे एक माणूस एका साइटसाठी कायम एकाच लाइनने जातो. मायक्रोटिकच्या पीसीसी या बॅलन्सिंगच्या सोयीमध्ये 'बोथ अ‍ॅड्रेसेस' असा पर्याय आहे तो हाच. तरी बँकेचं लॉगिन एका सर्व्हरवर आणि पेमेंटचं पान दुसऱ्यावर असेल तर फसतं. २० आणि २०० अशा विषम लाइनींत बॅलन्सिंगला तसाही अर्थ नाही. ताईंची मूळ कल्पनाच बरोबर आहे.

पांडवलेणी:
मी पीएफसेन्सवाला. जुना कॉम्प्युटर, त्यात दोन जादा लॅन कार्ड, सॉफ्टवेअर फुकट. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, त्यांचे ग्रुप दोन करायचे. पहिल्यात लीज टियर १ (पहिली पसंती), ब्रॉडबँड टियर २. दुसऱ्यात उलट. मग लॅनच्या फायरवॉल रूलमध्ये खाली अ‍ॅडव्हान्स्ड उघडून गेटवे निवडायचा, अकाउंट्सला पहिला ग्रुप, बाकीच्यांना दुसरा. रूल वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की थांबतात, म्हणून तारमिस्त्रींचा 'आतल्या आत'वाला रूल सगळ्यात वर. त्याला गेटवे द्यायचा नाही.

एकच तोटा, जुना कॉम्प्युटर वीज खातो आणि यूपीएस लवकर झोपवतो. लाइट गेली की मजा बघा.

सातपूर_एमआयडीसी:
सगळं वाचलं. माणसं वाटून देणं हे सोपं काम आहे, कोणीही अर्ध्या दिवसात करेल. लाइन मेली हे राउटरला कळतं कसं, यावर इथे कोणीच बोललं नाही. खरं दुखणं तिथे आहे.

ताईंच्या ब्रॉडबँडचं बघा. राउटरचा गेटवे आहे १९२.१६८.२.१, म्हणजे रॅकमध्ये शेजारी बसलेला डबा. राउटर त्याला पिंग करतो ('आहेस का?' असं विचारतो), डबा टुणकन उत्तर देतो. बाहेर रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडलीय, डब्यावर लॉसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल झालाय, पण राउटरच्या मते सगळं उत्तम, कारण त्याने विचारलं फक्त शेजाऱ्याला. वीस माणसं अडकून बसतात आणि राउटरच्या पानावर दोन्ही लाइन हिरव्या. आमच्या कारखान्यात एका 'तज्ज्ञाने' बसवलेलं असंच होतं, दोन लाइनचं भाडं भरून एकीचंही सुख नाही.

म्हणून तपासणी लांबच्या पत्त्याची करायची, आणि प्रत्येक लाइनसाठी वेगळ्या पत्त्याची. लीजने १.१.१.१ तपासा, ब्रॉडबँडने ९.९.९.९. तो पत्ता त्याच लाइनला बांधलेला हवा, नाहीतर ब्रॉडबँड मेल्यावर तपासणीचं पिंग लीज लाइनने जाऊन येईल आणि राउटर म्हणेल 'जिवंत'. मायक्रोटिकमध्ये हे रिकर्सिव्ह रूटने करतात: १.१.१.१ ला जायचा रस्ता लीजच्या गेटवेतून, आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून १.१.१.१. चेक गेटवे पिंगवर ठेवलं की दर १० सेकंदांनी पिंग जातं, दोन चुकली की रस्ता बाद. म्हणजे २० सेकंदांच्या आसपास पलटी.

याच्याच पोटात एक गंमत आहे. जो पत्ता तपासणीला बांधला तो दुसऱ्या लाइनने जात नाही. तोच जर सगळ्या ऑफिसचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) असेल तर लाइन पडली की डीएनएसही पडला, दुसरी लाइन सुरू असूनही 'साइट सापडत नाही'. डीएनएसला वेगळे पत्ते द्या, ८.८.८.८ आणि १.०.०.१ वगैरे. आणि लाइनवाल्यांचे स्वतःचे डीएनएस तर अजिबात नको, ते बऱ्याचदा फक्त स्वतःच्या ग्राहकाला उत्तर देतात. दुसऱ्या लाइनने विचारलं की गप्प.

पांडवलेणी:
पीएफसेन्समध्येही मॉनिटर आयपी आपण बदलला नाही तर तो गेटवेलाच पिंग करतो, तेव्हा हे तिथेही लागू. एक भर घालतो. लाइन पूर्ण मरण्यापेक्षा अर्धमेली होण्याचं प्रमाण जास्त. पिंग येतं, पण दहातली तीन पाकिटं गळतात. पीएफसेन्स गळती २० टक्क्यांवर किंवा विलंब ५०० मिलिसेकंदांवर गेला की लाइन बाद धरतो, हे आकडे बदलता येतात. साध्या पिंग तपासणीला ही अर्धमेली लाइन पकडता येत नाही.

मखमलाबाद_नाका:
आणि आकडे फार कडक ठेवू नका. नाहीतर लाइन दर पाच मिनिटांनी मरेल आणि जिवंत होईल, दर वेळी अकाउंट्सचे आयपी बदलतील, पुन्हा बँकांची बोंब.

गोदाघाट:
मंडळी, राउटरचं झालं. दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन रस्ते मिळाले असं कोणी समजू नका. खाली उतरून एकदा वर बघा. आपल्या भागात बरीचशी फायबर खांबांवरून लोंबत आलेली असते, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून, एकाच झाडाच्या फांदीखालून, एकाच पाइपातून इमारतीत शिरतात. फांदी पडली की दोन्ही गेल्या.

सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यात गॅसच्या लाइनीचं खोदकाम, म्हणजे जमिनीखालचंही सुरक्षित नाही. लाइन घेताना सेल्सवाल्याला स्पीड विचारू नका, तो सांगेल ते कमीच असेल. हे विचारा: इमारतीपर्यंत कुठल्या रस्त्याने येता? शरणपूर रोडच्या बाजूने की गंगापूर रोडच्या? तुमचा पॉप (भागातलं जोडणी केंद्र) कुठे, आणि लाइट गेल्यावर तिथलं बॅकअप किती तास? उत्तर न देता 'सर, काही प्रॉब्लेम येत नाही' म्हणाला तर समजून जा.

ट्रेसराउटही (पाकीट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी कमांड) करून बघा, दोन्ही लाइनने एकाच ठिकाणाचा. दोन-तीन टप्प्यांनंतर दोन्हीकडे त्याच कंपनीचे पत्ते दिसू लागले तर तुमची छोटी कंपनी मोठीचंच इंटरनेट विकतेय. चूक काही नाही, पण मोठी पडली की दोन्ही पडतील.

खरोखर वेगळा रस्ता हवा असेल तर दुसरी लाइन गच्चीवरच्या रेडिओ डिशची घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या डिशला पावसाचा फार त्रास होत नाही, मधे झाडं वाढली की होतो. आपल्याकडे कॉलेज रोडला झाडं भरपूर आहेत, तेवढं बघा.

अंबडकर:
बरं, मान्य. 'विषय संपला' हे मागे घेतो. 😄

सिन्नरघाट:
ताई, सिन्नरच्या शाखेचं कोणी बोलत नाहीये, मी तिकडचाच आहे म्हणून विचारतो. लीज लाइन गेली की शाखा कुठे जोडणार? ब्रॉडबँडचा आयपी बघितलात का? १०० ने सुरू होत असेल, १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान, तर तो सीजीनॅटचा आहे. म्हणजे तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, बाहेरून त्यावर येताच येत नाही. पोर्ट फॉरवर्ड करा नाहीतर डायनॅमिक डीएनएस लावा, उपयोग शून्य.

शरणपूररोड:
बघितला. १००.७८ ने सुरू होतो. म्हणजे सिन्नरचं काही होणार नाही का?

तारमिस्त्री:
होईल, पण त्याआधी एक महत्त्वाचं. तुमचा रिमोट डेस्कटॉप स्टॅटिक आयपीवर उघडा आहे का? म्हणजे राउटरवर पोर्ट ३३८९ सर्व्हरकडे पाठवलेलं? तसं असेल तर बाकी सगळं राहू द्या, आज संध्याकाळी ते बंद करा. पोर्टाचा नंबर बदलून काही साधत नाही, शोधणारी यंत्रं सगळे नंबर चाचपतात. अकाउंट्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायचा हा फार मळलेला रस्ता आहे, आणि तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं असणार.

त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला कुलूपबंद बोगदा. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, मायक्रोटिकमध्येही सातव्या आवृत्तीपासून आहे. सिन्नरच्या राउटरने तुमच्या स्टॅटिक आयपीवर बोगदा काढायचा, टॅली त्या बोगद्यातून.

लीज मेल्यावर काय, तर एक छोटा क्लाउड सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधला भाड्याने घ्या, सगळ्यात लहान मापाचा चालतो. तुमचं ऑफिस आणि सिन्नर दोघेही आतून बाहेर त्याच्याकडे बोगदा काढतील. आतून बाहेर जायला सीजीनॅट आड येत नाही. वायरगार्डला आपला आयपी मधेच बदलला तरी फरक पडत नाही, तो नव्या पत्त्यावरून बोलणं पुढे चालू ठेवतो. फक्त दोन्ही टोकांना कीपअलाइव्ह (अधूनमधून 'जिवंत आहे' असा निरोप) २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर सीजीनॅटवालं यंत्र शांत कनेक्शन विसरून जातं.

सिन्नरघाट:
हे बेस्ट. आमच्याकडे मुसळगावला दोन युनिट असेच जोडलेत, ना स्टॅटिक आयपी ना काही.

जुनी_तांबट_आळी:
आमच्या काळी, म्हणजे सायबर कॅफेच्या दिवसांत, हे काम स्क्विड या प्रॉक्सीने (सगळ्यांच्या वतीने साइट आणून देणारा सर्व्हर) करायचो. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये माणसांच्या याद्या आणि प्रत्येक यादीला बाहेर जायचा वेगळा आयपी, एका ओळीत. अजूनही चालतं. पण ते ब्राउझरपुरतं. व्हिडिओ कॉल, टॅली, मोबाइलची अ‍ॅप प्रॉक्सीला विचारत नाहीत. नव्याने करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आठवण आली म्हणून लिहिलं.

शरणपूररोड:
अपडेट. ३३८९ त्याच दिवशी बंद केलं, साहेब जरा चिडले, मग समजावल्यावर स्वतःच घाबरले. मायक्रोटिकचा हेक्स राउटर आणला, आमच्या ओळखीच्या एका नेटवर्कवाल्या मुलाने व्हीलॅन आणि नियम लावले. अकाउंट्स व्यवस्थित चालतंय. पण आर्टिकलच्या मुलांकडे विचित्र प्रकार आहे: काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, रिफ्रेश केलं की कधी चालतात. तो मुलगा म्हणतो नियम बरोबर आहेत.

सातपूर_एमआयडीसी:
नियम मँगलमध्ये (पाकिटांवर खुणा करायची जागा) लावलेत ना? फायरवॉलच्या फिल्टरमध्ये फास्टट्रॅकचा नियम बघा. मायक्रोटिक तो आधीच घालून देतो. फास्टट्रॅक म्हणजे ओळखीच्या कनेक्शनला पुढच्या तपासण्या माफ. त्यात मँगलही माफ. मग कनेक्शनची पहिली पाकिटं खूण लागून ब्रॉडबँडने जातात, नंतरची खुणेविना लीज लाइनने. अकाउंट्सला त्रास नाही कारण त्यांची मूळ वाट लीजच आहे. फास्टट्रॅकचा नियम बंद करा, किंवा फक्त खूण नसलेल्या कनेक्शनलाच तो लागेल असं करा. २२० एमबीपीएसला हेक्सला फास्टट्रॅकशिवायही जड जायला नको.

शरणपूररोड:
झालं! बंद करताक्षणी सुरळीत. त्या मुलाने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

ओझरकर:
आता आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बघून घ्या. ब्रॉडबँडवाले देत असतील आणि कधी तुमच्या राउटरवर ते चालू झालं, तर कॉम्प्युटर आयपीव्ही६ ला आधी पसंती देतात आणि तुमचे सगळे नियम आयपीव्ही४ चे. अकाउंट्सची माणसं गुपचूप ब्रॉडबँडने जातील आणि कळणारही नाही. दोन्ही प्रकारचे नियम नीट लिहायला जमेपर्यंत ऑफिसच्या आत आयपीव्ही६ बंद ठेवलेलं बरं.

पांडवलेणी:
बंद ठेवणं हा उपाय मला पटत नाही, उद्या शिकावंच लागणार आहे. पण दोन कंपन्यांचे दोन वेगळे आयपीव्ही६ पट्टे एका ऑफिसात नांदवणं अवघड आहे हे खरं. नीटनेटका मार्ग म्हणजे आपला स्वतःचा पट्टा आणि एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आयआरआयएनएन या भारतातल्या पत्तेवाटप संस्थेकडून घेऊन दोन्ही कंपन्यांशी बीजीपी (रस्ते एकमेकांना कळवणं) करायचं, ते पस्तीस माणसांच्या ऑफिसचं काम नाही. तूर्त बंद ठेवा.

मखमलाबाद_नाका:
राउटरच्या लॉगचंही (नोंदींचंही) बघा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, लॉग १८० दिवस ठेवायला सांगतात. हेक्समध्ये जागा नसते, लॉग एखाद्या कॉम्प्युटरवर पाठवा. घड्याळही एनटीपीने (नेटवरून वेळ घेऊन) जुळवून ठेवा, नाहीतर कोण कधी कुठल्या लाइनने गेलं याचा ताळमेळ लागणार नाही.

सातपूर_एमआयडीसी:
ताई, चाचणी घ्या, आणि ती योग्य ठिकाणी वायर काढून घ्या. बहुतेक लोक राउटरची वॅनची वायर काढतात. पोर्ट मेला हे राउटरला लगेच कळतं, त्याने काही सिद्ध होत नाही. ओएनटीच्या (ब्रॉडबँडच्या डब्याच्या) मागची पिवळी फायबर हळूच काढा, डबा चालू ठेवून. टोकाला बोट लावू नका आणि डोळ्यांसमोर धरू नका. शनिवारी दुपारी करा, ११ किंवा २० या जीएसटी रिटर्नच्या तारखांच्या आसपास चुकूनही नको.

शरणपूररोड:
केली. फायबर काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत मुलं लीज लाइनवर आली. चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटला, परत लावावा लागला. उलट बाजूने लीज काढली तेव्हा सिन्नरची टॅली थोडी थबकली आणि मुंबईच्या सर्व्हरमार्गे चालू राहिली, हे बघून साहेब पहिल्यांदा हसले. बँकेत मात्र लॉगिन पुन्हा करावं लागलं.

तारमिस्त्री:
कॉल आणि लॉगिन तुटणारच. बाहेरचा आयपी बदलला की जुनं कनेक्शन पुढे जाऊ शकत नाही, त्याला राउटर बदलून उपाय नाही. बोगद्यातलं टिकतं कारण आतले पत्ते तेच राहतात.

एक राहिलं. ब्रॉडबँड गेली की आर्टिकल, रिसेप्शन आणि पाहुणे सगळे २० च्या लाइनवर येतात. एकाने फोनवर क्रिकेट लावलं की अकाउंट्सचं जीएसटी पोर्टल रांगायला लागेल. याचं काय ठरवलंत?

शरणपूररोड:
पाहुण्यांच्या व्हीलॅन ३० ला दुसरा रस्ता दिलेलाच नाही. ब्रॉडबँड गेली की पाहुण्यांचं वायफाय बंद. आर्टिकलच्या सगळ्या मुलांना मिळून लीजवर ६ एमबीपीएसची मर्यादा घातलीय, व्हिडिओ बघता येणार नाही पण फॉर्म भरता येतील.

अंबडकर:
पाहुण्यांचं पूर्ण बंद? क्लायंट बसलेले असतात हो समोर. १ एमबीपीएस तरी द्या, व्हॉट्सअ‍ॅपपुरतं.

शरणपूररोड:
साहेबांचं म्हणणं, क्लायंटने फोन खिशात ठेवला तर कागदांवर सही लवकर होते.